ब्योमकेशचं महाबळेश्वरहून आलेलं पत्र

(दृश्य: वेण्णा लेकवर सकाळचं धुकं. काठाला बांधलेल्या रिकाम्या होड्या.)

जानेवारीतलं महाबळेश्वर, थंडी अशी की चहा पिण्यापेक्षा कप नुसता हातात धरून बसावंसं वाटतं. सगळे इथे स्ट्रॉबेरी खायला येतात, मी एका पत्रासाठी आलेय. ते गोष्टीतलं पत्र आहे, पण मला ते खऱ्याइतकंच खरं वाटतं. बंगाली रहस्यकथांमधला कलकत्त्याचा हेर ब्योमकेश बक्षी, त्याने आपल्या मित्राला, अजितला, इथून लिहिलेलं, वर पत्ता सह्याद्री हॉटेल, महाबळेश्वर. शैलरहस्य नावाची कथा आहे. हॉटेलचा मालक पारशी, कडाक्याची थंडी, पाहुणे जवळपास कोणी नाहीत, आणि पुराव्याशिवाय एक पाऊल पुढे न टाकणारा हा माणूस पत्रात चक्क भुताबद्दल लिहितो!

मी ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसले होते. कारण माझ्या डोक्यात ब्योमकेश म्हणजे हॅरिसन रोड, ट्राम, धोतर, नोकर पुतीरामने आणलेला चहा. हा इथे आपल्या घाटात कसा काय आला?

(दृश्य: जुना टीव्ही, त्यावर क्रोशाचं विणलेलं कव्हर.)

माझी ओळख झाली ती 1993 ला, दूरदर्शनवर. बासू चटर्जींनी केलेली सिरियल, रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित, आणि ब्योमकेशची बायको सत्यवती म्हणून आपल्या सुकन्या कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुकन्या मोने. आमच्या घरी त्याआधी हेर म्हणजे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार नाहीतर काळा पहाड, आजोबांनी ती पुस्तकं वाचून वाचून पार खिळखिळी केली होती, आणि 1985 ला टीव्हीवर गाजर खाणारा हेर करमचंद आला तेव्हा गल्लीतली सगळी पोरं गाजर खात फिरायची. ते सगळं मला आवडायचंच, पण ब्योमकेश आला आणि मी पहिल्यांदा बघितलं की हेर शांत बसून पेपर वाचू शकतो. तोही बातम्या सोडून जाहिराती! पथेर काँटा या कथेची सुरुवातच तशी आहे, तो म्हणतो खरी खबर जाहिरातींमध्ये असते, आणि मग रस्त्याने चालता चालता माणसं मरून पडतायत, हृदयात सापडतेय काय तर ग्रामोफोनची पिन. ही कथा 1932 ची. ग्रामोफोनची पिन तेव्हा गाणं ऐकणाऱ्या प्रत्येक घरात असणार, डबीत, कपाटात, आणि त्याच पिनेने खून. मला वाटतं भीती खरी तिथेच आहे, रोजच्या वस्तूत, पिस्तुलाला कोण घाबरतं.

आणि त्याला डिटेक्टिव्ह म्हटलेलं आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. हा शब्द मी तेव्हा वहीवर लिहून ठेवला होता, माझ्या नावाखाली.

(दृश्य: लाकडी रॅक, पुठ्ठ्याच्या बांधणीची पुस्तकं.)

आता एक प्रसंग सांगते. कॉलेजात असताना एका लायब्ररीतून मी एक रहस्यकथा आणली आणि पहिल्याच पानावर कोणीतरी निळ्या पेनाने लिहून ठेवलं होतं, खुनी अमुक अमुक आहे. मला रडूच आलं. खरंच. परत करायला निघाले, पाऊस होता म्हणून थांबले, आणि थांबले म्हणून वाचायला लागले. आणि काय सांगू, तो माणूस दुसऱ्या प्रकरणात येतो, सगळ्यांना पाणी देतो, विचारपूस करतो, आणि मला एकटीला माहीत आहे तो कोण आहे! प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायला लागलं, एकदा जसं लिहिलंय तसं आणि एकदा त्याच्या मनातलं. लेखकाने काहीही लपवलं नव्हतं, सगळं समोर मांडलं होतं. तेव्हापासून मी चांगली रहस्यकथा दोनदा वाचतेच, आणि जी दुसऱ्यांदा वाचताना पोकळ निघते ती मला चांगली वाटत नाही, शेवटी कितीही धक्का देऊ दे.

सत्यान्वेषी ही कथा घ्या. मेसमध्ये राहणारा अजित अतुलचंद्र नावाच्या एका अनोळखी तरुणाला आपल्या खोलीत जागा देतो. तो अतुल म्हणजेच ब्योमकेश. (खुनी कोण ते मी सांगत नाहीये, काळजी करू नका.) छापलेल्या पानावर हे आपल्याला कळत नाही, अजितला कळत नाही म्हणून आपल्यालाही नाही, आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतोय. पण पडद्यावर रजित कपूर दारात उभा राहिला की संपलं, चेहरा ओळखीचा आहे, सिरियलचं नावच त्याचं आहे. ती गंमत पडद्याला जमूच शकत नाही.

पण म्हणून मी पडद्याला कमी म्हणणार नाही. कथा अजित सांगतो, त्यामुळे अजित स्वतः कसा दिसतो ते पुस्तकात मिळत नाही. ब्योमकेश काहीतरी अर्धवट बोलून गप्प बसतो तेव्हा के. के. रैनाचा चेहरा बघा, थोडा राग, थोडं प्रेम, आणि मलाही सांग ना रे असं काहीतरी. अजितची ही बाजू मला सिरियलने दिली, आणि आता पुस्तक वाचताना तोच चेहरा समोर येतो. सत्यजित राय यांनीही 1967 ला चिडियाखाना केला, उत्तमकुमारला घेऊन, पण माझा जीव दूरदर्शनवरच्या त्या छोट्या खोलीतच आहे.

(दृश्य: पुण्यातला जुना बंगला, फाटक, गुलमोहर.)

तर महाबळेश्वरचं कोडं. ते मला बऱ्याच उशिरा सुटलं. ब्योमकेशचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय 1938 ला बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईत आले, सिनेमाच्या कथा लिहायला. जवळपास पंधरा वर्षं ब्योमकेशची एकही नवी कथा आली नाही. 1951 ला त्यांनी त्याला परत आणलं, 1952 ला सिनेमा सोडून ते पुण्यात स्थायिक झाले, आणि मग शेवटपर्यंत लिहीत राहिले. म्हणजे कलकत्त्याच्या गल्ल्या, मेस, तिथला उकाडा, हे सगळं एक माणूस पुण्यात बसून आठवून आठवून लिहीत होता! मला हे कळलं तेव्हा मी पुण्यातच होते, आणि इतकी वर्षं ज्याला मी लांबचा समजत होते तो बसच्या अंतरावर निघाला. मग शैलरहस्य परत वाचली. इथली थंडी, इथलं धुकं, ओस पडलेलं हॉटेल... पुण्यात राहणाऱ्या माणसाच्या हाताशी होतं हे सगळं.

(दृश्य: संध्याकाळ, दरीवर उतरणारं धुकं.)

1970 ला शरदिंदू गेले. ब्योमकेशच्या बत्तीस कथा पूर्ण आहेत, तेहतिसावी, बिशुपाल वध, अर्धीच राहिली. नाटक चालू असताना स्टेजवर एक माणूस मरतो, आणि शोध रंगात येतो तोवर लिखाण थांबतं. मी ती तीनदा वाचलीय, पेन्सिल घेऊन, कोण कुठे उभं होतं, अंधार कधी झाला, कोण काय बोललं, सगळं मांडून. माझा एकावर पक्का संशय आहे. नाव विचारू नका, सांगितलं तर वाचताना तुम्ही पहिल्या पानापासून फक्त त्याच्याकडेच बघत बसाल.