लाल पत्र्याचं नाणं

(दृश्य: कानस, पत्र्याची कड, टेबलावर पडलेले लाल कण)

मुंबईत वाढलेल्या माणसाला हा लाल रंग ओळखायला वेळ लागत नाही. हा बेस्टच्या डबलडेकरचा पत्रा आहे. गाडी मोडीत निघाली, पत्रा भंगारात गेला आणि कुर्ल्याच्या एका गाळ्यात तो आम्हाला किलोच्या भावाने मिळाला. नीट पाहा: वरच्या लाल थराखाली आणखी एक लाल थर आहे. गाडी पुन्हा रंगवून पुन्हा रस्त्यावर आणली होती, त्याची ही खूण.

या पत्र्यातून आम्ही एक नाणं घडवून प्रवासाला पाठवतोय. कारागीर आधी पत्रा सपाट करतो. त्यासाठी लाकडी हातोडी, कारण लोखंडी बसली की रंगाचे पापुद्रे सुटतात. मग गोल आखायचा. कातरीने कापलं तर कड मुडपते, म्हणून बारीक पात्याची करवत. ती हळूहळू चालते, आणि दर दोन बोटांवर थांबून पातं पुसावं लागतं. शेवटी कानस. रंगाखालून ॲल्युमिनियमची चकचकीत रेघ उघडी पडते. ओरखडे मात्र बुजवायचे नाहीत, हे पहिल्यापासून ठरलेलं. ते या शहराच्या रस्त्यांनी दिलेले आहेत.

(दृश्य: ठसा, हातोडी, उमटलेले आकडे)

मागच्या बाजूला तीन सालं ठोकली आहेत.

१८७४. त्या वर्षी ९ मे रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून पायधुणीला. सुरुवातीला कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे होतं आणि तिकीट असं काही देतच नसत. कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते.

१९०७. ७ मे रोजी विजेची ट्राम आली. १९२० मध्ये तिला वरचा मजला मिळाला. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली, आणि १९३७ मध्ये बसही दुमजली झाली.

(दृश्य: अणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय, तिकिटांची पेटी, तिकीट पंच)

या पेटीतल्या रंगीत तिकिटांवर टप्प्यांचे आकडे आहेत. कंडक्टर आकड्यावर भोक पाडायचा, आणि त्या पंचाचा टिकटिकाट गर्दीत माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा. मुंबईच्या लेकरांनी आकडे ओळखायला शिकावं ते बसच्या कपाळावरच्या देवनागरी पाटीवरून. या संग्रहालयात शाळांच्या सहली यायला हव्यात. हा शहराचा ठेवा आहे.

तिसरं साल १९६४. ३१ मार्चच्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली.

(दृश्य: नाण्याला कडी, कडीला धातूची पट्टी, पट्टीवरचा क्रमांक अंगठ्याखाली झाकलेला)

ही पट्टी जोडली की नाणं प्रवासाला मोकळं. हा प्रवास जिओकॅशिंग नावाच्या खेळातला, आणि त्या खेळाची सुरुवात अशी. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर यांनी झाडीत एक बादली ठेवली, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि लोकांना शोधायला सांगितलं. त्यातूनच हा खेळ उभा राहिला. लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तिथे ठेवायचा.

या डब्यांमधून फिरणाऱ्या वस्तूंना ट्रॅकेबल म्हणतात. प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. वस्तू उचलणारा तो क्रमांक वेबसाइटवर नोंदवतो, पुढच्या डब्यात ठेवली की तेही नोंदवतो, आणि नकाशावर रेघ लांबत जाते. पट्टीत चिप नाही, बॅटरी नाही. कुणीतरी उचलून नेल्याशिवाय हे नाणं हलत नाही. क्रमांक झाकला आहे तो यासाठी, की नाणं हातात न घेता कुणी त्याची नोंद करू नये.

सोबतच्या चिठ्ठीत एकच विनंती आहे: ट्राम अजून धावते त्या गावी मला न्या, आणि तिच्याबरोबर माझा फोटो काढा.

मुंबईत डबा ठेवायचा तर जागा विचारपूर्वक निवडावी लागते. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे आपण स्टेशनवर रोज ऐकतो, आणि ते योग्यच आहे. स्टेशन, आगार, रूळ यांच्या आसपास डबा ठेवायचा नाही. म्हणून हे नाणं मुंबईतून निघालं ते एका प्रवाशाच्या खिशातून.

(दृश्य: कोलकाता, एस्प्लनेड; ट्रामच्या लाकडी बाकावर नाणं)

कोलकात्यात घोड्यांची ट्राम १८७३ मध्ये आली, मुंबईच्या एक वर्ष आधी. विजेची आली १९०२ मध्ये. तिथले मार्ग एकेक करून बंद होत आले आहेत.

(दृश्य: हाँगकाँग, दुमजली ट्राम, वरच्या मजल्यावरची पुढची खिडकी)

आणि हे हाँगकाँग. इथली ट्राम १९०४ पासून धावते, १९१२ पासून दुमजली आहे. केनेडी टाउन ते शाउ केई वान, मार्ग साधारण १३ किलोमीटर. मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे पैसे द्यायचे. घंटेच्या आवाजावरून लोक तिला डिंग डिंग म्हणतात. गाड्या अरुंद आहेत, वळणावर डुलतात. बाजारहाटाच्या पिशव्या घेतलेल्या आज्या खाली बसतात, शाळेची पोरं वर पळतात. दाट वस्तीचं, बेटावरचं, समुद्राला लागून असलेलं शहर, आणि दुमजली ट्राम तिथल्या रोजच्या कामाची आहे. मुंबईतही हे होतं, आणि राखता आलं असतं.

(दृश्य: अंधेरी, फुलांच्या माळा घातलेली डबलडेकर, हात हलवणारे प्रवासी)

१५ सप्टेंबर २०२३. डिझेलवरची शेवटची डबलडेकर, मार्ग ४१५, अंधेरी ते सीप्झ. त्याच वर्षी विजेवरच्या वातानुकूलित दुमजली गाड्या रस्त्यावर आल्या.

(दृश्य: हाँगकाँगमधला डबा, आतली वही, नाणं ठेवणारा हात)

नाणं आता हाँगकाँगच्या या डब्यात आहे. पुढे ते लिस्बनला जावं, मेलबर्नला जावं. तुम्हाला सापडलं तर क्रमांक नोंदवा आणि पुढच्या गावात पोहोचल्यावर डब्यापर्यंत बसने किंवा ट्रामने न्या. तिकीट मिळालं तर जपून ठेवा आणि फोटोत नाण्याशेजारी तेही ठेवा. भाडं, मार्ग, तारीख असं काही ना काही त्यावर असतं. आम्हाला ते हवं आहे.