इचिरोचे सत्तावीस मीटर

नमस्कार श्रोतेहो.

११ एप्रिल २००१. कॅलिफोर्नियातलं ओकलंड शहर. बेसबॉलचा सामना आठव्या इनिंगमध्ये आलेला. पहिल्या बेसवर, म्हणजे धावणाऱ्यानं एकामागून एक गाठायच्या ठाण्यांपैकी पहिल्यावर, ओकलंडचा टेरेन्स लाँग उभा आहे. त्याच्या जोडीदारानं चेंडू राइट फील्डकडे, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाहेरच्या भागाकडे मारला, आणि लाँग सुटला. अशा फटक्यावर धावणारा दुसऱ्या बेसवर थांबत नाही, थेट तिसरा गाठतो. कारण राइट फील्डपासून तिसऱ्या बेसवरची फेक फार लांबची. लाँग पळाला यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

राइट फील्डला सिएटल मरिनर्सचा एक सडपातळ जपानी खेळाडू होता. अमेरिकेतला त्याचा पहिला हंगाम सुरू होऊन दहा दिवसही झाले नव्हते. तो पुढे धावत आला, चेंडू उचलला आणि धावेचा सगळा जोर खांद्यात घेऊन फेकला. आपण सीमारेषेवरून फेकलेला चेंडू पाहतो तो कमानीत वर जातो, मग खाली येतो. हा चेंडू वर गेलाच नाही. दोरी ताणून धरावी तसा सरळ गेला आणि तिसऱ्या बेसवर डेव्हिड बेलच्या ग्लोव्हमध्ये शिरला. बेलला ग्लोव्ह जवळजवळ हलवावाही लागला नाही. लाँग घसरत आला तो थेट त्या ग्लोव्हवरच. आउट.

हा खेळाडू इचिरो सुझुकी. मी ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, आणि आता माझी नजर हातावर जात नाही, पायांवर जाते. चेंडू हातात येण्याच्या आधीची तीन-चार पावलं अशी पडली आहेत की चेंडू उचलेपर्यंत शरीर फेकीच्या तयारीत आलेलं असतं. थांबणं नाही, वळणं नाही. इचिरोचा सगळा खेळ मला असाच पायांतून उलगडत गेला, म्हणून आज बोलायचं आहे ते त्याच्या पायांबद्दल.

त्याचा जन्म १९७३ सालचा, नागोया शहराजवळच्या टोयोयामा गावातला. वडील नोबुयुकी लहानपणापासून त्याच्याकडून रोज सराव करून घ्यायचे. मुलगा मुळात उजवा. पण वडिलांनी त्याला डावखुरी फलंदाजी शिकवली, आणि त्यामागे साधा हिशोब होता. होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजीच्या जागी जमिनीत बसवलेल्या पाटीच्या, दोन्ही बाजूंना फलंदाजाला उभं राहायला चौकट असते. डावखुऱ्याची चौकट पहिल्या बेसच्या बाजूला येते. होम प्लेटपासून पहिला बेस साधारण २७ मीटरवर, आणि डावखुऱ्याचं त्यातलं एखाद-दुसरं पाऊल आधीच वाचलेलं.

एका पावलानं काय होतं, असं वाटेल. क्रिकेटमध्ये फटका मारला तरी पळायचं की नाही हे आपल्या हातात असतं. बेसबॉलमध्ये चेंडू जमिनीवरून गेला की फलंदाजाला पळावंच लागतं, आणि त्याच्याआधी चेंडू पहिल्या बेसवर पोचला की तो बाद. शेकडो वेळा हा निकाल अर्ध्या पावलानं लागतो. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना हे लगेच कळेल.

जपानमध्ये ऑरिक्स संघात तो १९९२ साली आला, तेव्हा त्याची तऱ्हा प्रशिक्षकांना पटली नाही. चेंडू येताना तो पुढचा पाय घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा आणि अंगाचं सगळं वजन पुढे घेऊन मारायचा. फलंदाजानं वजन मागे ठेवावं ही तर पहिली शिकवण! त्याला दुय्यम संघात पाठवलं गेलं. त्यानं तऱ्हा बदलली नाही. १९९४ ला अकिरा ओगी व्यवस्थापक झाले आणि त्यांनी त्याला रोज खेळवलं. सुझुकी हे आडनाव जपानमध्ये घरोघरी, म्हणून जर्सीवर नुसतं 'इचिरो' लिहायला लावलं. त्या वर्षी त्यानं १३० सामन्यांत २१० हिट्स मारल्या. हिट म्हणजे फटका मारून बाद न होता बेस गाठणं. जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये एका हंगामात २०० चा आकडा त्याआधी कुणीच गाठला नव्हता. पुढच्याच जानेवारीत कोबे शहर भूकंपानं उद्ध्वस्त झालं, सहा हजारांहून जास्त माणसं गेली. ऑरिक्सचं घर कोबेच. त्या वर्षी बाहीवर कोबेला धीर देणारे शब्द लावून हा संघ खेळला आणि लीग जिंकला.

तरीही तो अमेरिकेला निघाला तेव्हा शंका होत्याच. जपानी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, तिथे चालले होते. रोज फलंदाजी करणारा जपानी खेळाडू हा पहिलाच. आणि तो काळ होम रनचा, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर भिरकावणाऱ्या फटक्यांचा. त्याच २००१ मध्ये बॅरी बाँड्सनं ७३ होम रन मारले. इचिरोचे किती? आठ. पण हिट्स २४२, चोरलेले, म्हणजे फटक्याशिवाय पळून गाठलेले बेस ५६, सरासरी .३५०, म्हणजे दहातल्या साडेतीन वेळा हिट. सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम नवोदित, असे दोन्ही मान एकाच वर्षी. मरिनर्सनं ११६ सामने जिंकले.

त्याचा फटका पाहताना मला लेट कट आठवतो. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येणाऱ्या चेंडूला तो मनगटानं तिसऱ्या बेसच्या अंगानं ढकलायचा, आणि बॅट चेंडूला लागत असतानाच त्याचा पाय पहिल्या बेसकडे उचललेला असायचा. लंबकासारखं वजन पुढे का, याचं उत्तर इथे मिळतं. क्षेत्ररक्षक चेंडू उचलून फेकेपर्यंत हा पोचलेला. समोरच्यांना घाई व्हायची, आणि घाईत चुका होतात.

त्याच्यावर टीका झाली की हा नुसते सिंगल, म्हणजे एकच बेस मिळवून देणारे फटके मारतो, वाईट चेंडू सोडून फुकटचा बेस मिळवण्याचा धीर नाही. यात तथ्य आहे. २००४ च्या २६२ हिट्सपैकी २२५ सिंगलच होत्या. पण बेसबॉलमध्ये दहातल्या सात वेळा बाद होणाराही उत्तम फलंदाज म्हणवला जातो. तिथे दहा वर्षं सलग, २००१ ते २०१०, दरवर्षी २०० च्या वर हिट्स हे मला कुठल्याही लांब फटक्यापेक्षा मोठं वाटतं. त्याच दहा वर्षांत क्षेत्ररक्षणाचे दहा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कारही.

२००४ च्या त्या २६२ हिट्स म्हणजे एका हंगामाचा विक्रम. आधीचा विक्रम जॉर्ज सिस्लरचा, १९२० सालचा, २५७ हिट्सचा. सिस्लरच्या वेळी हंगाम १५४ सामन्यांचा होता, आता १६२ चा, हेही सांगायला हवं. १ ऑक्टोबरला सिएटलमध्ये विक्रम मोडला तेव्हा सिस्लरची वृद्ध मुलगी प्रेक्षकांत होती. इचिरो कठड्यापाशी गेला, वाकून नमस्कार केला, हात हातात घेतला. पुढे २००९ मध्ये सेंट लुइसला गेला असताना तो सिस्लरच्या कबरीवरही जाऊन आला.

नंतर न्यूयॉर्कचा यँकीज संघ, मग मायामी, मग पुन्हा सिएटल. अमेरिकेतल्या हिट्स ३,०८९, जपानच्या १,२७८. २०२५ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, ३९४ पैकी ३९३ मतं पडली.

शेवटचा सामना २१ मार्च २०१९ चा, टोकियो डोममधला, आणि समोर संघ ओकलंडचाच. इचिरो ४५ वर्षांचा. आठव्या इनिंगमध्ये त्यानं चेंडू शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, जमिनीवरून मारला आणि पळत सुटला, विशीत पळायचा तसाच. स्टेडियम उभं राहिलं. फेक त्याच्याआधी पोचली, अगदी थोडक्यात. मग तो ग्लोव्ह घालून राइट फील्डला गेला, आपल्या जागी उभा राहिला, आणि थोड्याच वेळात व्यवस्थापकांनी त्याला परत बोलावलं. सगळे सहकारी वाट पाहत थांबले होते. इचिरो एकेकाला मिठी मारत बाहेर गेला.