किल्ली काकूंकडे, कोड सगळ्यांकडे

(दृश्य: सोसायटीचा जिना, बंद दार, दाराशी दुधाची पिशवी)

सकाळचे सहा. पुण्यातल्या एका सोसायटीचा तिसरा मजला. पोळ्यांच्या मावशी पदराला हात पुसतात, दारावरच्या कीपॅडची चार बटणं दाबतात, हिरवा दिवा लागतो. घरातले अजून झोपलेत.

पूर्वी या घराची जास्तीची किल्ली शेजारच्या काकूंकडे असायची. काकू गावाला गेल्या की पंचाईत! आता कोड आहे. तो मावशींना माहीत आहे, गणपतीत राहायला आलेल्या पाहुण्यांना माहीत आहे, आणि दोन वर्षांपूर्वी एसी दुरुस्त करून गेलेल्या माणसालाही. किल्ली परत मागता येते. आकडा कसा परत मागणार?

आणि आकडा तरी कसला! चार आकड्यांचे दहा हजार कोड होतात. आकडेवारीचे अभ्यासक निक बेरी यांनी २०१२ साली, इंटरनेटवर फुटलेल्या पासवर्डांमधले सुमारे ३४ लाख चार आकडी कोड तपासले. त्यातले जवळजवळ ११ टक्के निघाले १२३४. खालोखाल ११११. १९ने सुरू होणारी जन्मसालंही भरपूर. आपल्याकडे गाडीचा नंबर ठेवणारेही आहेत. गाडी खालीच उभी असते, नंबर प्लेटसकट.

(दृश्य: कीपॅड, अगदी जवळून)

नीट बघा. चारच बटणं झिजलीत, तेलकट झालीत. आकडे कळले, आता फक्त क्रम ओळखायचा. चोवीस शक्यता. काही वेळा चुकलं की कुलूप थोडा वेळ रुसून बसतं, म्हणून बरं. काही कुलपांत खऱ्या कोडच्या आधी आणि नंतर वाटेल ते आकडे दाबता येतात. मधे खरा कोड सलग आला की झालं. मागे उभा असलेला माणूस काय लक्षात ठेवणार?

मास्टर कोडने बाकीचे कोड तयार करायचे आणि पुसायचे. कारखान्यातून येताना तो बहुतेकदा माहितीपुस्तिकेत छापलेलाच असतो. कुलूप बसवल्या दिवशीच तो बदलायचा असतो, पण त्या दिवशी सगळे नव्या दारासोबत फोटो काढण्यात गुंग.

बऱ्याच कुलपांत प्रत्येकाला वेगळा कोड देता येतो. कुरिअरसाठी एकदाच चालणारा, पाहुण्यांसाठी चार दिवसांचा. या घरच्या आजींना ते पटत नव्हतं. "मावशींना वेगळा कोड? त्यांना काय वाटेल?"

खरं तर उलट आहे. घरात काही हरवलं की पहिला संशय कोणावर जातो, हे मावशींना आजींपेक्षा चांगलं ठाऊक आहे. सगळ्यांचा कोड एकच असेल तर कोण कधी आलं ते कुलूप सांगू शकत नाही. कोड वेगळा असेल, तर कोणत्या कोडने दार कधी उघडलं ही कुलपातली नोंद मावशींच्या बाजूने बोलते.

(दृश्य: संध्याकाळ, सोफ्यावर सूनबाई, हातात फोन)

आज सगळ्यांचा तो एकच कोड बंद, यापुढे प्रत्येकाला वेगळा. जुना कोणाकोणाला दिला होता, त्या नावांची यादी साफ होतेय. 'एसीवाला': पुसलं. 'नागपूरचे पाहुणे': पुसलं. 'जुन्या मावशी'. त्यांना काम सोडून वर्ष झालं. पुसलं.

आजींचा एकच प्रश्न उरतो. बॅटरी संपली तर?

पुष्कळ कुलपांना बाहेरून, खालच्या बाजूला, धातूच्या दोन टिकल्या असतात. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी तिथे टेकवली की कीपॅड जागा होतो. शिवाय कुलपासोबत एक साधी किल्लीही आली होती.

ती शेजारच्या काकूंकडे आहे.