मॉनिटर काय सांगतो, काय नाही

(दृश्य: आयसीयू. मॉनिटरवर लाल दिवा लुकलुकतोय.)

सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, एकदम ८२ टक्के. अलार्म वाजतोय. सिस्टर लगबगीनं बेडजवळ येतात आणि पडद्याआधी पेशंटकडे बघतात. ओठांचा रंग, श्वासाची गती, हाक मारली तर ओ देतो का. पेशंट व्यवस्थित बोलतोय. आता नजर पडद्यावर, तीही आकड्याखालच्या लहरीवर. लहर चपटी, तुटक. बोटं गारठलीत. प्रोब, म्हणजे बोटाला लावायचा चिमटा, दुसऱ्या हाताच्या उबदार बोटाला लावला, लहर सुधारली. ९७.

हे जमतं, कारण तो आकडा येतो कुठून हे त्यांना ठाऊक आहे.

(दृश्य: प्रोबमधला लाल प्रकाश, जवळून.)

प्रोबमधून दोन प्रकाश बोटाच्या आरपार जातात, लाल आणि अवरक्त. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. नाडीच्या ठोक्यासोबत जेवढा प्रकाश कमी-जास्त होतो, तेवढाच हिशोबात धरायचा, ही जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलेली कल्पना. म्हणजे ठोका बोटापर्यंत नीट पोचत नसेल, तर आकड्यावर भरवसा नाही. आणि उलटंही घडतं. आगीच्या धुरात सापडलेल्या पेशंटला साधं ऑक्सिमीटर ९८ दाखवू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. चांगला दिसणारा आकडा जास्त घातक, तो असा.

(दृश्य: दंडावर कफ बांधला जातोय.)

बीपीचा कफ दंडाला लहान पडला, की रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त येतं. शिवाय हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर स्वयंचलित यंत्र गोंधळतं. तिथे स्टेथोस्कोप लावून हातानं बीपी घेतलेलं बरं.

आर्टेरियल लाइनची, म्हणजे सतत बीपी मोजायला धमनीत घातलेल्या बारीक नळीची, गंमत निराळीच. तिचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा भाग, हृदयाच्या पातळीवर हवा. कुणी बेड दहा सेंटिमीटर वर केला आणि स्टँडवरचा ट्रान्सड्यूसर तिथेच राहिला, तर बीपी सात-आठ अंकांनी जास्त दिसतं. खरं ८८, पडद्यावर ९५. अलार्म गप्प.

(दृश्य: अलार्मच्या मर्यादा बदलणारं बोट.)

उगाच वाजणारे अलार्म हा तर रोजचाच ताप. सतत ऐकून कान सरावतात आणि खरा अलार्म त्यात बुडून जातो. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २०१४ साली अलार्मचं व्यवस्थापन रुग्णसुरक्षेच्या राष्ट्रीय उद्दिष्टांत घातलं, ते याचमुळे. यावर आवाज बंद करणं हा उपाय नव्हे. त्वचा पुसून ईसीजीचे ताजे इलेक्ट्रोड, म्हणजे छातीवर चिकटवायच्या चकत्या, लावले तरी बराच गोंगाट कमी होतो. मर्यादाही पेशंट पाहून ठरवाव्या लागतात. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या ज्या पेशंटचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवायचंय, त्याला ९० ची मर्यादा लावली तर रात्रभर नुसती पिपाणी. अर्थात, हा बदल डॉक्टरांशी बोलून आणि नोंद करूनच.

(दृश्य: पेशंटची छाती, सिस्टरच्या हातातलं घड्याळ.)

राहिला श्वास. बहुतेक मॉनिटर तो ईसीजीच्याच इलेक्ट्रोडवरून, छातीच्या हालचालीवरून मोजतात. घसा अडला असला तरी छाती हलतेच, आणि मॉनिटर तोही श्वास धरतो. वरून ऑक्सिजन चालू असेल, तर श्वास मंदावूनही सॅच्युरेशन बराच वेळ टिकून राहतं. म्हणून सिस्टर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. मॉनिटरवर १८. मोजून ९. सिस्टर डॉक्टरांना फोन लावतात.