नळीचं वय

नमस्कार, श्रोतेहो.

जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा उरणजवळच्या करंजा बंदरात गेलात तर बोटी वर ओढून ठेवलेल्या दिसतील. रंगकाम, डागडुजी चाललेली असते. एखाद्या बोटीच्या मागच्या बाजूला वाकून पंख्याजवळ पाहा. तिथे करड्या रंगाची एक वडी बोल्टनं आवळलेली असते. ती जस्ताची. हंगामभर खाऱ्या पाण्यात राहिलेली वडी काढून हातात घेतली तर चोखलेल्या खडीसाखरेसारखी दिसते, निम्मीअधिक गेलेली. तांडेलाला विचारा. तो सांगेल, ही खाल्ली गेली म्हणून पंखा वाचला.

खारं पाणी धातू खातंच. त्याला आधी खायला दुसरं काहीतरी द्यायचं, एवढीच यातली युक्ती. मी तीसेक वर्षं इंजिनियर म्हणून गंजाच्या मागे फिरलो, आणि समुद्राच्या तळाशी शेकडो किलोमीटर पसरलेल्या तेलाच्या पाइपलाइनी याच युक्तीवर उभ्या आहेत. त्यांच्या वड्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, पाइपाभोवती बांगडीसारख्या बसवलेल्या, आणि एकेक इतकी जड की क्रेनशिवाय हलत नाही.

आपल्या दाराशी असलेल्या या पाइपलाइनींची गोष्ट फेब्रुवारी 1974 मध्ये सुरू झाली. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, भर अरबी समुद्रात, 'सागर सम्राट' या रिगनं, म्हणजे समुद्रात विहिरी खोदणाऱ्या मंचानं, खोदलेल्या विहिरीत तेल लागलं. हेच मुंबई हाय तेलक्षेत्र. मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला तेल टँकरनं यायचं. मग 1978 मध्ये मुंबई हायपासून उरणपर्यंत समुद्रतळावरून मुख्य लाइन आली. त्यानंतर समुद्रात उभारलेले, तेल काढणारे प्लॅटफॉर्म वाढले आणि एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्याकडे तेल, वायू, पाणी नेणाऱ्या लाइनींचं जाळं तयार झालं. अशी लाइन टाकताना साधारण पंचवीस वर्षांचं आयुष्य धरतात. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीनं टप्प्याटप्प्यानं बऱ्याच लाइनी बदलल्या आणि अजून बदलते आहे. तरीही पंचविशी कधीच ओलांडलेल्या लाइनी तिथे आहेत.

लोक मला विचारतात, एवढी जुनी लाइन फुटत कशी नाही? मी त्यांना सांगतो की लाइनचं वय वर्षांत मोजू नका. आज भिंत किती जाड उरली आहे हे ठाऊक आहे का, तेवढं विचारा. अर्ध्या इंचाची पोलादी भिंत नीट सांभाळली तर चाळीस वर्षांनीही जवळपास तेवढीच राहते. दुर्लक्ष झालं तर एखाद्या खड्ड्यात ती वर्षाला एक-एक मिलिमीटरनं उतरते. पाच वर्षांनी तपासायला गेलात तर पाच मिलिमीटर गेलेले असतात, आणि मुळात होते किती? साडेबारा.

ही झीज बहुतेक वेळा आतून होते. तेलक्षेत्र म्हातारं होतं तशी त्यातून येणाऱ्या तेलाची जातच बदलते. तेल असलेल्या खडकातला दाब टिकावा म्हणून मुंबई हायमध्ये 1984 पासून समुद्राचं पाणी त्या खडकात सोडतात. त्यामुळे वर येणाऱ्या तेलातलं पाणी वाढत जातं. उत्पादन घटतं, त्यामुळे प्रवाह मंदावतो. जोरात वाहणारं तेल पाण्याला आपल्यासोबत ओढून नेतं. संथ तेल त्याला खाली बसू देतं. पाइपाकडे घड्याळाच्या तबकडीसारखं पाहिलं तर अगदी तळाची रेघ म्हणजे सहाचा काटा. आम्ही तिला सहा वाजताची जागा म्हणतो. पाणी तिथे साचतं. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. त्यावर जगणारे जीवाणू साचलेल्या पाण्यात, गाळाखाली वस्ती करतात, विषारी हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि पोलादाला खड्डे पाडतात. शिवाय मुंबई हायचं तेल मेणचट. तापमान तिशीच्या खाली उतरलं की ते घट्ट व्हायला लागतं, मेणाचा थर भिंतीला चिकटतो, आणि गंज रोखायला सोडलेलं रसायन त्या थराखालच्या पोलादापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे लाइन आणि विहीर दोन्ही एकदमच म्हाताऱ्या होतात, आणि एकीच्या म्हातारपणाचा त्रास दुसरीला होतो. ज्या काळात लाइनला जास्त जपायला हवं, नेमकं त्याच काळात उत्पन्न घटलेलं असतं आणि खर्चाला कात्री लावायचा मोह होतो. या धंद्यातली मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट हीच.

यावर पहिला उपाय म्हणजे पिग. पाइपात घट्ट बसणारा, रबरी चकत्यांचा एक बोळा. प्लॅटफॉर्मवर लाइनमध्ये घालतात आणि तेलाच्याच दाबानं तो पुढे ढकलला जातो. चालत्या माणसाच्या वेगानं निघाला तर दोनशे किलोमीटरला दोन दिवसांच्या वर लागतात. किनाऱ्यावर त्याला उतरवून घ्यायची एक जाड टाकी असते. तिचं दार उघडायचा क्षण मला अजून आठवतो. आधी दाब शून्यावर आणायचा, वायुमापक लावायचा, तोंडाला मास्क, आणि मगच दाराला हात. दार उघडलं की पिगच्या पुढे रेटत आलेलं सगळं दिसतं. काळसर मेणाचा लगदा, वाळू, पाणी, आणि शाईसारखी काळी भुकटी. ही भुकटी म्हणजे लोहाचं सल्फाइड. हवेत वाळली तर आपोआप पेट घेते, म्हणून तिच्यावर सतत पाणी मारत राहायचं. नवीन पोरं नाक मुरडून तो लगदा लवकर धुऊन टाकायच्या घाईत असायची. मी त्यांना थांबवायचो. घाण किती आली, काळी भुकटी मागच्या वेळेपेक्षा वाढली का, पाण्यात लोह किती, जीवाणू किती, याचे नमुने आधी बाटलीत भरा. लाइन तिची तब्येत सांगते ती त्या बाटलीतूनच.

दुसरा पिग हुशार असतो. त्याच्यावर मोठी चुंबकं असतात. भिंत जिथे पातळ झाली असेल तिथून चुंबकीय क्षेत्र बाहेर झिरपतं आणि अंगावरचे संवेदक त्याची नोंद करतात. किती किलोमीटरवर, किती वाजताच्या जागी, किती खोल खड्डा आहे, याची यादीच तो बाहेर घेऊन येतो. अडचण अशी की बऱ्याच जुन्या लाइनी टाकल्या तेव्हा असलं यंत्र आतून पाठवायचं कोणाच्या मनातही नव्हतं. कुठे वळण फार अरुंद, कुठे मध्येच पाइपाचा व्यास बदललेला, कुठे पिग आत घालायला तोंडच नाही. अशा लाइनीबद्दल मालकाला जे ठाऊक असतं, तो बराचसा अंदाज असतो.

आता बाहेरून काय होतं ते पाहू. पावसाळ्यात समुद्र तळ ढवळून काढतो. लाइनखालची वाळू वाहून जाते आणि पाइप दोन टोकांवर टेकलेल्या वाशासारखा अधांतरी राहतो. मग प्रवाह त्याला थरथरवतो, आणि ही थरथर महिनोन्‌महिने चालली की सांध्यांना बारीक भेगा पडतात. शोधणं सोपं, दुरुस्तीही सोपी: खाली वाळू-सिमेंटच्या गोण्या रचायच्या. पण हे काम ऑक्टोबर ते मे एवढ्याच मोसमात होतं.

नांगराचं मात्र सांगता येत नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात मॅकिनॉ नावाची सामुद्रधुनी आहे. तिच्या तळाशी 1953 साली टाकलेल्या दोन जुळ्या तेलवाहिन्या आहेत. पोलाद चांगलं जाड, आणि दशकानुदशकं त्यांच्या गंजाचीच चर्चा होत होती. 1 एप्रिल 2018 रोजी एका टगबोटीचा नांगर नकळत सुटला, तळावरून फरफटत गेला, शेजारच्या विजेच्या केबली तुटल्या आणि या वाहिन्यांना पोचे पडले. तेल सांडलं नाही, हे नशीब. आपल्याकडे तर मुंबई बंदर आणि न्हावाशेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर यांची जहाजं, हजारो मच्छीमार बोटी आणि ट्रॉलरची ओढजाळी, सगळी वर्दळ याच पाण्यात आहे.

लाइन तळावरून प्लॅटफॉर्मवर चढते त्या उभ्या पाइपाला राइजर म्हणतात. लाटा त्याला भिजवतात आणि ऊन सुकवतं, म्हणून गंज सर्वांत जास्त तिथेच. मे 1993 मध्ये मुंबई हायवर राइजर फुटूनच मोठी तेलगळती झाली होती. आणि 27 जुलै 2005? 26 जुलैचा पाऊस मुंबई विसरणार नाही, पण दुसऱ्याच दिवशी समुद्रात काय झालं ते फार थोड्यांना आठवतं. जखमी कर्मचाऱ्याला प्लॅटफॉर्मवर हलवण्यासाठी 'समुद्र सुरक्षा' हे जहाज खवळलेल्या समुद्रात मुंबई हाय नॉर्थच्या जवळ आलं आणि राइजरवर आदळलं. वायू सुटला, भडका उडाला, आणि सुमारे दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म जळून कोसळला. 22 माणसं गेली, 362 वाचली. तिथे गंजाचा दोष नव्हता. राइजर जहाजाच्या वाटेत उघडे होते.

श्रोतेहो, एवढ्या सगळ्यानंतरही मला सर्वांत जास्त धास्ती कागदाची वाटते. एका कंपनीच्या कामावर मी जुने तपासणी अहवाल वाचत होतो. पाण्याखाली उतरलेला माणूस पाइपाला प्रोब टेकवून व्होल्टेज मोजतो, त्यावरून गंज स्वतःवर घेणाऱ्या त्या अ‍ॅल्युमिनियमच्या बांगड्या काम करताहेत की नाही ते कळतं. सलग दोन वर्षांच्या तक्त्यांत चार ठिकाणचे आकडे शेवटच्या मिलिव्होल्टपर्यंत एकसारखे होते. समुद्रात असं होत नाही. मी पुन्हा डायव्हर उतरवायला लावले. त्यातल्या एका ठिकाणी बांगडीच नव्हती, कधी गळून पडली देव जाणे. कोणीतरी आदल्या वर्षीचा तक्ता समोर ठेवून आकडे उतरवले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तेच अहवाल मीही वर्षभर आधी सही करून पुढे पाठवले होते.

याहून मोठा धडा अमेरिकेत 2010 साली मिळाला. 25 जुलैला मिशिगनमध्ये जमिनीवरची एक तेलवाहिनी फुटली आणि तेल कॅलमझू नदीत गेलं. ती फुटली त्या जागेच्या भेगा 2005 च्या तपासणीतच दिसल्या होत्या. कळलं होतं, लिहिलंही होतं, पण खणून दुरुस्ती झाली नाही. त्या दिवशी नियंत्रणकक्षात धोक्याचे इशारे वाजत राहिले. कर्मचाऱ्यांना वाटलं लाइनमध्ये पोकळी झाली आहे, म्हणून त्यांनी पंप दोनदा पुन्हा चालू केले. 17 तासांनी बाहेरच्या एका माणसाचा फोन आला, तेव्हा कुठे लाइन बंद झाली.

बाहेरच्या माणसाचा फोन, हे लक्षात घ्या. गळती ओळखणारी यंत्रणा आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याची वजाबाकी करते. साधारण एक टक्क्यापर्यंतचा फरक तिला पकडणं अवघड जातं. दिवसाला एक लाख पिंपं नेणारी लाइन धरा. एक टक्का म्हणजे हजार पिंपं, आणि एक पिंप 159 लिटरचं. दीड लाख लिटरपेक्षा जास्त तेल रोज सांडत राहील आणि पडद्यावर सगळं ठीक दिसेल.

माणसाच्या डोळ्याला मात्र फार थोडं तेल पुरतं. पाण्यावर इंद्रधनुषी रंग दिसायला एक लिटर तेल तीन हजार चौरस मीटरवर पसरलं तरी चालतं. 2011 च्या जानेवारीत मुंबई हाय ते उरण या मुख्य लाइनमधून समुद्रात गळती झाली, 2013 च्या ऑक्टोबरमध्ये उरणच्या किनाऱ्यावर तेल आलं. तिवरांच्या मुळांना एकदा तेल लागलं की खाजणातली निवटी, कालवं, खेकडे, सगळं जातं, आणि त्यावर ज्यांची चूल पेटते त्या बायकांची टोपली रिकामी राहते. त्यांना पाइपलाइनीतून काही मिळत नाही. मिळतं ते फक्त सांडलेलं तेल.

म्हणून समुद्रावर जाणाऱ्या माझ्या बांधवांशी दोन शब्द. प्लॅटफॉर्मभोवती मासळी गोळा होते हे मला ठाऊक आहे. तरी पाचशे मीटरच्या आत जाऊ नका आणि नकाशावर पाइपलाइन दाखवली आहे तिथे नांगर टाकू नका. पाण्यावर तवंग दिसला, एकाच जागी सतत बुडबुडे येताना दिसले, किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरा आणि इंजिनाजवळची बिडी विझवा. जीपीएसवरचे आकडे, वेळ, वारा कुठून आहे आणि तवंग कुठल्या दिशेला सरकतो आहे, एवढं लिहून घ्या. मग बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल 16, किंवा फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554. आकडे दोनदा सांगा, आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

नमस्कार.