गल्लीतलं पाणी आणि वहीचं एक पान

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरात नळाला तीन, चार, कधी पाच दिवसांआड पाणी येतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. उजनी, टाकळी, औज बंधारा, हिप्परगा ही पाण्याच्या ठिकाणांची नावं आपल्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पाणी कमी पडलं की आपण सगळे धरणाकडं बघतो. धरणाकडं बघायलाच हवं. पण एकाच लाइनवरच्या एकाच गल्लीत पहिल्या घराच्या गच्चीवरची टाकी ओसंडून वाहते आणि शेवटच्या घरात घागरही भरत नाही, याचं उत्तर उजनीत सापडत नाही. ते गल्लीतच शोधावं लागतं. ते शोधायची एक पद्धत आहे, तिला सिस्टिम डायनॅमिक्स म्हणतात. नाव मोठं आहे, काम वहीच्या एका पानावर होतं.

या पद्धतीत चार गोष्टी बघायच्या. एक, साठा: बॅरलमधलं पाणी, वर्गातली मुलं, घरावरचं कर्ज. दोन, आवक आणि जावक: त्या साठ्यात काय येतं, काय जातं. तीन, उशीर: आज घेतलेल्या निर्णयाचा परिणाम किती दिवसांनी दिसतो. आणि चार, फेरा: साठा बघून माणूस निर्णय घेतो, निर्णयानं साठा बदलतो, बदललेला साठा बघून माणूस पुन्हा निर्णय घेतो. पुन्हा सांगतो. साठा, आवक-जावक, उशीर आणि फेरा.

आता ही पद्धत जन्मली कशी, ते ऐका. मला ही हकीकत फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेत जे फॉरेस्टर नावाचे इंजिनिअर होते. जन्म 1918 चा, नेब्रास्कातल्या गुराढोरांच्या रानात. घरी वीज नव्हती. शाळेत असतानाच त्यांनी मोटारींचे जुने भाग जमवून पवनचक्की उभी केली आणि 12 व्होल्टची वीज घरात आणली. पुढं एमआयटी या संस्थेत त्यांनी व्हर्लविंड हा त्या काळातला अत्यंत वेगवान संगणक बांधला. संगणकाची चुंबकीय स्मृती घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. असा हा माणूस 1956 साली यंत्रं सोडून व्यवस्थापनाच्या शाळेत शिकवायला गेला.

तिथं त्यांची गाठ जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या लोकांशी पडली. कंपनीचे केंटकी राज्यात घरगुती वापराच्या विजेच्या वस्तू बनवणारे कारखाने होते. तिथलं एक कोडं कुणाला सुटत नव्हतं. कधी कारखाना तीन-तीन, चार-चार पाळ्यांत चाले, कामगार कमी पडत. मग काही वर्षांनी अर्धे कामगार घरी बसवावे लागत. पुन्हा भरती, पुन्हा कपात. सोलापूरकरांना हे चित्र नवं नाही. चादर आणि टॉवेलच्या मागांवर ज्यांचं पोट आहे, त्यांना पाळी बंद होणं म्हणजे काय ते ठाऊक आहे.

कंपनीतले लोक म्हणत, बाजारच तसा आहे, तेजी-मंदी येतच असते. फॉरेस्टर यांना ते पटेना. त्यांनी बाजाराची चौकशी बाजूला ठेवली आणि एवढंच विचारलं की तुम्ही माणसं घ्यायची कधी ठरवता, आणि गोदामात माल किती ठेवायचा हे कशावरून ठरवता? उत्तरं मिळाली. मग देशातला एक उत्तम संगणक बांधणाऱ्या या माणसानं वही आणि पेन्सिल घेतली. पानाच्या वरच्या बाजूला रकाने आखले: गोदामातला माल, कामगार, आलेल्या ऑर्डरी. पहिल्या ओळीत आजची स्थिती लिहिली. कंपनीच्याच नियमानं पुढच्या आठवड्यात किती माणसं घ्यावी लागतील ते काढलं. त्यावरून उत्पादन, त्यावरून गोदाम. खालची ओळ. मग त्याखालची ओळ. आठवड्यामागून आठवडा.

आणि पानावर काय दिसलं? ऑर्डरी अगदी एकसारख्या ठेवल्या, बाजार जराही हलू दिला नाही, तरी कामगारांची संख्या वर-खाली होऊ शकते! कारण असं. गोदाम रिकामं झालं की भरती होते. नवा माणूस येऊन, शिकून, हाताला वेग यायला वेळ लागतो. तोवर गोदाम रिकामंच दिसतं, म्हणून आणखी भरती. मग सगळ्यांचं उत्पादन एकदम सुरू होतं आणि गोदाम तुंबतं. तुंबलं की कपात. कपातीचा परिणाम दिसायलाही वेळ लागतो, म्हणून ती गरजेपेक्षा जास्त होते. मग गोदाम पुन्हा रिकामं. या सगळ्यात कुणी आळशी नव्हतं, कुणी लबाड नव्हतं. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणा निर्णय घेत होता. हेलकावा बाजारातून आला नव्हता, कारखान्याच्या नियमांतूनच आला होता. पुन्हा सांगतो, कारण या पद्धतीचा गाभा हाच आहे: हेलकावा बाहेरून आला नव्हता, तो नियमांत होता.

पुढं बॉस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स एमआयटीत आले आणि त्यांना फॉरेस्टर यांच्या शेजारची खोली मिळाली. शहरं का खंगतात यावर शहर चालवलेल्या माणसांना बसवून बोलणं झालं आणि 1969 साली त्याचं पुस्तक निघालं. त्यावर वाद झाले, आजही होतात. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे काम करणारी माणसं आधी बोलवली गेली. आपल्याकडं पाण्याच्या बैठकीला सगळे येतात, फक्त चावीवाल्याला कुणी बोलावत नाही. कुठला व्हॉल्व्ह किती आट्यांनी उघडला की शेवटच्या घरी पाणी पोचतं, हे त्याच्या हाताला माहीत असतं. त्याला खुर्ची दिली पाहिजे आणि त्याचं म्हणणं आधी ऐकलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आणि बॅरलची पातळी ज्यांना न बघता सांगता येते, त्या घरातल्या बायकांनाही.

आता आपलं पान आखू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमच्या गल्लीचे वेगळे असतील. 100 घरं. दर घरात 5 माणसं, घरटी रोजची गरज 300 लिटर. पाणी चौथ्या दिवशी, म्हणजे एका खेपेला घराला 1,200 लिटर लागतं. लाइनीतून खेपेला 1,20,000 लिटर येतं. हिशोब जुळला, सगळ्यांना पुरलं.

मग एकदा जलवाहिनी फुटते आणि पाणी एक दिवस उशिरा येतं. लोक घाबरतात. पुढच्या, म्हणजे गल्लीच्या सुरुवातीच्या, 60 घरांकडं पाणी ओढायच्या मोटारी आहेत. ती ठरवतात, 500 लिटर जास्तीचं ठेवायचं. पुढच्या खेपेला ती 1,700 लिटर ओढतात, एकूण 1,02,000. शेवटच्या 40 घरांना उरले 18,000, घरटी 450 लिटर. चार दिवसांना. माणशी रोजचे साडेबावीस लिटर.

त्याच्या पुढच्या खेपेला काय होईल? इथं नीट ऐका. जास्तीचे 500 लिटर बॅरलमध्ये तसेच असतील, तर पुढच्या घरांना पुन्हा 1,200 च पुरतात. खाली 48,000 लिटर उरतं, म्हणजे शेवटच्या घरांनाही 1,200 मिळतं. धक्का एकदाच बसतो. पण नवं पाणी सुटलं की जुनं शिळं झालं म्हणून ते 500 लिटर ओतून दिलं, तर पुढची घरं प्रत्येक खेपेला 1,700 ओढणार. 60 घरांचे 30,000 लिटर दर खेपेला गटारात, म्हणजे आलेल्या पाण्याचा चौथा हिस्सा. साठा भरणं एकदाच होतं, ओतणं दर खेपेला होतं. पुन्हा सांगतो, साठा भरणं एकदाच, ओतणं दर खेपेला.

आणि फेरा इथं थांबत नाही. शेवटची घरं तक्रार करतात, म्हणून या गल्लीला अर्धा तास जास्त पाणी दिलं जातं. तो अर्धा तास दुसऱ्या भागातून येतो. वेळापत्रक घसरतं, चौथ्या दिवसाचं पाणी पाचव्या दिवशी येतं. भीती वाढते, नवे बॅरल येतात, शेवटची घरंही मोटार बसवतात.

बॅरलवरून एक सांगायचं राहून जाईल. रंगकामाच्या रसायनांचे रिकामे बॅरल कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नका. आत मुरलेलं रसायन साबणानं जात नाही.

ओतण्याच्या सवयीला दुसरीही बाजू आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस हवाच. पण त्यासाठी 500 लिटर ओतायची गरज नाही. पाणी यायच्या आदल्या दिवशी जुनं पाणी धुणी-भांडी, संडास, फरशी यांना वापरून संपवायचं, बॅरलच्या कडा घासायच्या, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात, आणि बॅरल घट्ट झाकायचं. वेळापत्रक खात्रीचं असेल तरच माणूस आदल्या दिवशी बॅरल रिकामं करायला धजतो. म्हणून माझ्या मते पाण्याची वेळ पाळणं हे पाणी वाढवण्याइतकंच मोलाचं आहे.

असं पान मंडळात, बचत गटात करायचं तर 10-15 माणसं आणि अडीच-तीन तास पुरतात. आधी आलेख काढा: गेल्या वर्षभरात काय वाढलं, काय घटलं. मग साठे, मग आवक-जावक दाखवणारे बाण. चुका कुठं होतात? लोक घटना लिहितात. "भांडण झालं" हे चालत नाही, "दर खेपेला किती भांडणं" असं लिहा. कुणी दिवसाचं माप धरतो, कुणी खेपेचं, आणि बेरीज बिघडते. पहिल्याच दिवशी 30 गोष्टी घेतल्या तर काहीच हाती लागत नाही, पाच-सहा घ्या. शेवटी टोकाची परीक्षा करा: आवक शून्य केली तर साठा शून्याखाली जातो का? जात असेल तर नियम चुकला. मग हवं तर संगणकावर हेच पान करायला वेन्सिम किंवा इनसाइट मेकर हे प्रोग्रॅम वापरा, शिकायला दोन्ही फुकट मिळतात.

पण आधी आकडा हवा. पाणी सुटायच्या आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या दहा घरांत, पाच पुढची, पाच शेवटची, बॅरलमध्ये काठी बुडवून ओली खूण पट्टीनं मोजा. 200 लिटरच्या बॅरलमध्ये एक सेंटिमीटर म्हणजे साधारण अडीच लिटर. आणि प्रत्येक घरी विचारून लिहा, हे पाणी उद्या वापरणार, की ओतणार. नमस्कार.