सातबाऱ्याची भाषा आणि खिडकीपलीकडचा खातेदार

गाव नमुना 7, म्हणजे जमिनीचा अधिकार अभिलेख, आणि गाव नमुना 12, म्हणजे पिकांची नोंदवही, यांचा एकत्रित उतारा म्हणजे आपल्या परिचयाचा सातबारा. महसूल खात्याचा सारा व्यवहार अशा क्रमांकांवर आणि ठरावीक संज्ञांवर चालतो. 'नोंद मंडळाकडे प्रलंबित आहे', एवढे तलाठ्याने सांगितले की सहकाऱ्याला उमगते की फेरफार नोंदवहीत (जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या वहीत), अर्थात नमुना 6 मध्ये, मजकूर चढला आहे, हितसंबंधितांना नोटिसा गेल्या आहेत आणि मंडळ अधिकाऱ्याने ती नोंद प्रमाणित करणे तेवढे उरले आहे. कार्यालयाच्या आत ही भाषा वेळ वाचवते, चुका टाळते, आणि ती टिकलीच पाहिजे.

अडचण खिडकीपाशी येते. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असे लिहिलेले असते. ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही, हा त्याचा अर्थ व्यवहार ठरून इसार दिल्यावर कळला, तर घेणारा आणि देणारा दोघेही अडकतात. क्षेत्राचेही तसेच आहे. शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो, उतारा हेक्टर-आरमध्ये असतो; 1 हेक्टर म्हणजे सुमारे 2 एकर 19 गुंठे, हे माहीत नसले आणि लागवडीस अयोग्य असलेला पोटखराबा वेगळा दाखवलेला असला, तर आपली जमीन कागदावर घटली असा समज होतो आणि वाटणीच्या वेळी भावाभावांत संशय शिरतो.

सर्वांत गंभीर परिणाम फेरफाराची नोटीस न समजण्याचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मधील कलम 150 नुसार येणाऱ्या या नोटिशीत फेरफाराचा क्रमांक आणि गट क्रमांक असतो, आणि हरकत घेण्यासाठी 15 दिवसांची मुदत असते. वडिलांच्या पश्चात वारस नोंदीतून एखाद्या बहिणीचे नाव सुटले असेल, तर ते सांगण्याची सर्वांत सोपी संधी हीच. वेळेत हरकत आली, तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेऊन सुनावणी होते. नोटीस मात्र न समजता घरात पडून राहिली, तर नोंद प्रमाणित होते आणि त्या बहिणीला उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील दाखल करावे लागते. म्हणून नोटीस बजावतानाच 'या नोंदीत कोणाची नावे लागणार आहेत आणि कोणत्या तारखेपर्यंत हरकत घेता येईल', हे तलाठ्याने चार साध्या वाक्यांत तोंडी सांगायला हवे.